खोपोली ते खंडाळा : दोन रुळांमधला घाट (१८५८–१८६३)

१४ जून १८५८ रोजी खंडाळा ते पुणे लोहमार्ग सुरू झाला. त्याआधी दोन वर्षं, म्हणजे १२ मे १८५६ पासून, मुंबईची गाडी खोपोलीपर्यंत येतच होती. कागदावर मुंबई–पुणे रेल्वे झाली. मधला बोरघाट तेवढा राहिला. हा ‘तेवढा’ पुढं जवळजवळ पाच वर्षं राहिला. घाटातून गाडी धावू लागली ती १४ मे १८६३ पासून. तोवर मुंबईहून रेल्वेनं निघालेलं प्रत्येक माणूस आणि प्रत्येक पोतं खोपोलीला उतरायचं, बैल, तट्टू नाहीतर भोयांच्या भरवशावर दीडेक हजार फूट चढून खंडाळ्याला पोचायचं आणि तिथं दुसऱ्या गाडीत चढायचं.

एकोणिसाव्या शतकातल्या वाहतुकीची गोष्ट आपल्याकडे साधारण अशी सांगतात: १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी सुटली आणि बैलगाडीचं युग संपलं. या पाच वर्षांकडे जवळून पाहिलं की दिसतं ते उलटं. रेल्वे दोन्ही बाजूंनी घाटाला येऊन भिडली तेव्हा घाटातल्या बैलांना काम कमी पडलं नाही, वाढलं. आणि दोन्हीकडची आगगाडी कितीही पळाली, तरी माल पुण्याला पोचायचा तो बैलाच्या चालीनं.

रुळांच्या आधीचा घाट

पेशवाईत आणि नंतरही बरीच वर्षं घाटावर माल यायचा तो पाठाळ बैलांवर. लमाण-वंजाऱ्यांचा तांडा, प्रत्येक बैलाच्या पाठीवर दोन्ही अंगांना लोंबणारी गोण, दिवसाला आठ-दहा मैलांची मजल. एका बैलाचं ओझं किती, याचा एक चांगला दाखला वऱ्हाडच्या कापसाचा आहे. विकाजी आणि पेस्तनजी मेहेरजी या पारशी पेढीनं १८२५-२६ मध्ये वऱ्हाडातून थेट मुंबईकडे कापूस धाडला, तो ५०० बैलांचं ओझं होता आणि वजन भरलं १,२०,००० पौंड. म्हणजे बैलामागं २४० पौंड, आजच्या हिशोबात १०९ किलो. कापूस हलका असला तरी फुगीर. त्याच्या गोणी झुडपांत अडकत, फाटत, आणि वाटेवर धूळ-काडीकचरा भरून घेत.

पाठाळ बैलाला रस्ता लागत नाही, पाऊलवाट पुरते. त्याचा मोठा गुण तो हाच. चाकाला मात्र रस्ता लागतो. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या काळात बोरघाटात गाडीरस्ता झाला आणि १० नोव्हेंबर १८३० ला तो खुला झाला. त्यापुढच्या काही वर्षांत देशावरच्या गाड्याही सुधारल्या. जुन्या गाड्यांची चाकं भरीव आणि बोजड; सर्वेक्षण खात्यातले लेफ्टनंट गेसफर्ड यांनी हलक्या गाडीचा नमुना काढला आणि सोलापूरकडे टेंभुर्णीला तशा गाड्या बनू लागल्या. कोकणाच्या बाजूला चाकांसाठी पनवेलचं नाव होतं.

रस्ता आणि आऱ्यांचं चाक एकत्र आल्यावर काय झालं, ते आकड्यांत सांगता येतं. दोन पाठाळ बैल ४८० पौंड वाहायचे. तेच दोन बैल गाडीला जुंपले तर सपाटीवर वीस मण सहज ओढत. इथला मण रेल्वेचा, म्हणजे ४० शेरांचा, ८२ पौंडांहून थोडा जास्त. वीस मण म्हणजे सुमारे १,६४५ पौंड, जवळजवळ सात पाठाळ बैलांचं ओझं. खरी क्रांती इथं झाली होती, १८५३ च्या तेवीस वर्षं आधी. तिला तोफांची सलामी मिळाली नाही इतकंच.

मुंबई–पुणे माल तेव्हा असा जायचा: बंदरावरून मचव्यात किंवा पडावात, भरती साधून पनवेलच्या खाडीत, पनवेलला गाडीत, खोपोलीवरून घाट चढून पुण्याच्या पेठेत. पनवेलला भरलेली गाडी पुण्यातच रिकामी व्हायची. पुढच्या हिशोबात ही बाब लागणार आहे.

पोत्याला किती हात लागतात

१८५८ च्या उन्हाळ्यानंतर मुंबईच्या व्यापाऱ्यासमोर दोन वाटा झाल्या. जुनी, पनवेलची. आणि नवी, रेल्वेची: बोरीबंदर ते खोपोली सुमारे ७१ मैल रूळ, मग पाच-सहा मैलांचा घाटरस्ता, मग खंडाळा ते पुणे सुमारे ४२ मैल रूळ. ताशी वीस मैलांचा वेग धरला तर ११३ मैल रूळ साडेपाच तासांत सरतात. भरल्या गाडीचे बैल चढाला तासाला मैल-सव्वा मैल चालतात. विसावे धरून घाटाला चार-पाच तास. म्हणजे सहा मैलांना जवळपास तेवढाच वेळ, जेवढा ११३ मैलांना.

पण वेळ हा यातला सोपा भाग. अवघड भाग चढउतारीचा. पोतं किती वेळा उचललं आणि टेकवलं गेलं, ते मोजू.

पनवेलच्या वाटेनं: वखारीतून बंदरावर, बंदरावरून मचव्यात, मचव्यातून पनवेलच्या धक्क्यावर, धक्क्यावरून गाडीत, गाडीतून पुण्याच्या दुकानात. पाच वेळा.

रेल्वेच्या वाटेनं: वखारीतून गाडीत, गाडीतून स्टेशनाच्या मालधक्क्यावर, धक्क्यावरून वाघिणीत (मालडब्यात), वाघिणीतून खोपोलीच्या धक्क्यावर, तिथून बैलगाडीत, बैलगाडीतून खंडाळ्याच्या धक्क्यावर, पुन्हा वाघिणीत, पुण्याला वाघिणीतून खाली, पुन्हा गाडीत, आणि शेवटी दुकानात. दहा वेळा.

दर खेपेला हमाली लागते, दर खेपेला हमालाचा लोखंडी आकडा पोत्यात शिरतो, दर खेपेला मोजदाद करावी लागते आणि दर खेपेला थोडं सांडतं. मिठाच्या पोत्यात ही सांड लपत नाही. कोकणातून देशावर चढणाऱ्या मालात मीठ मोठं होतं. त्याखेरीज नारळ, सुपारी, खजूर, विलायती कापड, लोखंड. खाली उतरणाऱ्यात कापूस, गूळ, धान्य, तेलबिया. मीठ आणि गूळ दोन्ही ओल धरतात. मीठ पाझरून वजन घटतं, गूळ पाझरून खालचं पोतं खराब होतं, आणि दोघांना एकाच धक्क्यावर एकमेकांवर रचलं की भांडणाला आयतं कारण मिळतं.

वजनाचंही भांडण होतं, आणि त्यात कुणाची लबाडी असायचीच असं नाही. मुंबई बाजाराचा मण २८ पौंडांचा, वीस मणांची खंडी ५६० पौंडांची. कापसाची खंडी मात्र ७८४ पौंडांची. रेल्वेचा मण ८२ पौंडांचा. चिठ्ठीवर नुसतं ‘मण’ लिहिलं आणि कुठला ते लिहिलं नाही, तर खोपोलीला गाडीवान किती माल घेतोय आणि खंडाळ्याला किती पोचवतोय, यावर कुणाचंच एकमत होणार नाही. त्यामुळे जाणते व्यापारी नग मोजायचे, वजन पुण्याला करायचे.

तर मग रेल्वेनं माल पाठवायचाच कशाला? दोन कारणं. एक, खाडीच्या भरती-ओहोटीवर आणि वाऱ्यावर अवलंबून राहावं लागत नव्हतं. पावसाळ्यात तर मचव्यांची ये-जा जवळजवळ थांबायची, रूळ चालू राहायचे. दोन, पनवेल ते खोपोली आणि खंडाळा ते पुणे या दोन्ही टप्प्यांचे बैल वाचायचे. हलका, महागडा आणि घाईचा माल रेल्वेनं जाणं परवडे. जड, स्वस्त आणि बिनघाईच्या मालाला पनवेलची सरळ गाडीच बरी. रेल्वे आली की सगळे डोळे मिटून रेल्वेकडे वळतात, हा समज या दहा आणि पाचच्या हिशोबापुढं टिकत नाही.

चढाचा हिशोब

आता गाडी घाटात घालू. रिकामी गाडी ३०० किलोची धरली आणि माल वीस मणांचा, म्हणजे ७४६ किलोचा, तर एकूण १,०५० किलोच्या आसपास. खडीच्या बऱ्या रस्त्यावर अशी गाडी ओढायला तिच्या वजनाच्या साडेतीन टक्के जोर लागतो: ३७ किलो. बैल दिवसभर सातत्यानं आपल्या वजनाच्या एक दशांश जोर लावू शकतो. ३००–३५० किलोचे दोन बैल मिळून ६० ते ७० किलो. सपाटीला जवळजवळ निम्मा जोर शिल्लक राहतो. म्हणून सपाटीवर गाडीवान झोपला तरी बैल चालतात.

घाटात वीस फुटांना एक फूट चढ धरा. आता गाडीच्या वजनाचा विसावा भाग, ५२ किलो, नुसता चढाला जातो. आधीचे ३७ मिळवले की ८९. जोडी ६५ वर थकते. वीस मणांची गाडी एका जोडीला घाटातून वर नेता येत नाही, हे इथंच ठरलं. मार्ग दोन: माल बारा मणांवर आणायचा, म्हणजे जोर ६५ च्या आत येतो, नाहीतर खोपोलीला भाड्यानं आणखी एक जोडी घेऊन पुढं जुंपायची आणि खंडाळ्याला सोडून द्यायची.

दुसऱ्या मार्गात एक खोच आहे. चार बैलांचा जोर दोघांच्या दुप्पट होत नाही. पुढची जोडी साखळीनं ओढते. वळणावर ती साखळी वळणाच्या आतल्या बाजूला सरळ ताणली जाते आणि मागच्या जोडीला दरडीकडे किंवा दरीकडे खेचते. नवशिक्या गाडीवानाचं चाक इथंच कठड्याला घासतं. अनुभवी माणूस वळणाच्या आधी पुढची जोडी ढिली करतो, मागच्या जोडीला आसूड दाखवून गाडी वळवून घेतो आणि मगच पुढची ताणतो.

विसाव्याला दुसरी खबरदारी. बैल थांबले की गाडी मागं सरते, आणि मागं सरणारी गाडी जुवासकट बैलांना मागं खेचते. म्हणून गाडीमागं एक पोरगा हातात दगड घेऊन चालायचा. ‘हो’ म्हणताच दगड चाकामागं सरकवायचा. कुशल पोरगा दगड उजव्या-डाव्या चाकाला आळीपाळीनं न लावता नेहमी दरडीच्या बाजूच्या चाकाला लावतो. एकच चाक अडलं तर गाडी त्याच्याभोवती किंचित फिरते, आणि तिचं मागचं अंग फिरून दरडीकडे गेलेलं परवडतं.

माल भरण्यातही घाटाचा विचार करावा लागतो. सपाटीला बरोबर तोललेली गाडी चढावर मागं झुकते, म्हणजे उलाळ होते: साटीचा (गाडीवरच्या माल ठेवायच्या सांगाड्याचा) मागचा भाग खाली दबतो, पुढची दांडी वर उचलते आणि जू बैलांच्या खांद्यावरून उचलून जुपण्या (गळ्याखालून बांधलेले पट्टे) गळ्याला काचतात. बैल ओढायचं सोडून घुसमटतो. यावर उपाय म्हणजे खोपोलीलाच दोन-तीन पोती पुढं सरकवणं. तीच गाडी उतरताना भरायची तर उलट करायचं, नाहीतर सगळा भार बैलांच्या मानेवर येऊन खांदे सुजतात. खांदा सुजलेला बैल आठ-दहा दिवस कामातून जातो, आणि गाडीवानाचं भांडवल तेवढंच असतं.

वंगणाचं नळकांडं साटीखाली टांगलेलं असायचं: बांबूचं पेर, त्यात एरंडेल, त्यात बुडवलेली चिंधी गुंडाळलेली काडी. चढाला गाडी सावकाश चालते, पण आखावर भार एका बाजूला कलतो आणि तुंबा (ज्यात आख बसतो तो चाकाचा मधला लाकडी भाग) आतून झिजतो. करकर वाढली की थांबून चाक ढिलं करायचं, चिंधी फिरवायची. हे टाळलं तर आख तापतो, तुंब्याचं लाकूड फाटतं, आणि घाटाच्या मधोमध चाक बदलण्याइतकी पंचाईत दुसरी नाही. मागच्या सगळ्या गाड्या खोळंबतात. बैलांच्या खुरांना पत्री मारणं हीही घाटातली गरज. काळ्या खडकाच्या खडीवर बिनपत्रीचा बैल आठवड्यात लंगडतो.

पाण्याची सोय घाटाच्या पायथ्याला बरी होती. खोपोलीचा तलाव आणि महादेवाचं देऊळ नाना फडणविसांनी बांधलेलं. बैलांना तिथं पाणी दाखवून पहाटेच्या गारव्यात चढाला लागायचं, हा शहाणपणा रेल्वेच्या वेळापत्रकाशी मात्र जुळत नव्हता. गाडी दुपारी आली तर माल रात्रभर धक्क्यावर, किंवा बैल उन्हात.

उतार

चढाला बैल दमतो, उताराला मरतो. उतरताना गाडी बैलांना मागून ढकलते आणि त्यांना ती मानेनं थोपवावी लागते. कापसाची गाडी वजनाला फार नसली तरी उंच. वळणावर ती बाहेरच्या अंगाला कलते. उपाय जुनेच: एक चाक साखळीनं जखडून ते घसरत न्यायचं, किंवा गाडीमागं जड ओंडका बांधून फरफटत न्यायचा. जखडलेल्या चाकाची लोखंडी धाव एकाच जागी घासली जाते आणि तिथं सपाट होते. म्हणून दर वळणाला चाक थोडं फिरवून पुन्हा जखडायचं. ओंडका आणि जखडलेलं चाक दोन्ही रस्त्याची खडी उखडतात. पावसाळ्यापूर्वी डागडुजी झाली नाही तर त्याच चाकोऱ्यांतून पाणी वाहून रस्ता खोल होत जातो. घाटात टोल होता, पण रस्ता जपायचा म्हणून कुणी ओंडका सोडून दिला असेल, असं मानायला जागा नाही.

माणसं

प्रवाशांचं काम मालापेक्षा सोपं होतं, कारण माणूस स्वतः उतरतो आणि स्वतः चढतो. ऐपत असेल त्याला पालखी किंवा मेणा, त्याखालोखाल तट्टू, बाकीच्यांना गाडी किंवा पाय. मेण्याला एका वेळी चार भोई, बदलीला आणखी चार, सामानाला कावडीवाले, अंधारात मशालजी. चढाला उंच भोई मागं आणि बुटके पुढं. नाहीतर आतला माणूस पाय वर, डोकं खाली असा घाट चढतो. उतरताना जागा बदलायच्या. भोयांची चाल पाऊल जुळवून पडली तर मेणा झुलतो आणि आतल्याला मळमळतं, म्हणून मुरलेले भोई मुद्दाम पावलं चुकवून टाकतात.

खरी गर्दी उडायची ती गाडी आल्यावर. रेल्वे शेकडो माणसं एकदम उतरवते; घाटातली वाहनं सुट्या-सुट्या माणसांच्या हिशोबानं उभी असतात. पुढच्या पाऊण तासात भाव चढतो, आणि खंडाळ्याची गाडी वर कुणाची वाट पाहत थांबेल याचा भरवसा नाही. पावसाळ्यात धुकं, डोक्यावर इरलं नाहीतर घोंगडी, निसरडा खडक. पहिल्या वर्गाचं तिकीट काढून बसलेला साहेब आणि तिसऱ्या वर्गातला बिगारी, या सहा मैलांत दोघंही सारखेच भिजायचे.

रूळच घाटावर कसे चढले?

हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. खंडाळा–पुणे मार्ग घाटातल्या मार्गाच्या पाच वर्षं आधी चालू होता. मग त्या मार्गाचे रूळ, इंजिनं, चाकं वर गेली कशी? बैलांनी ओढून; दुसरी वाटच नव्हती.

रूळ गजाला ६५ ते ८० पौंड वजनाचा धरला, तर एका मैलाच्या दोन रुळांचं वजन १०२ ते १२६ टन भरतं. खंडाळा–पुण्याच्या ४२ मैलांना कमीत कमी ४,३०० टन. गाडीमागं अर्धा टन म्हटलं तरी साडेआठ हजारांवर खेपा, तेही नुसत्या रुळांच्या; रूळ धरून ठेवणाऱ्या लोखंडी खुर्च्या, खिळे, पुलांचं लोखंड वेगळं. सात गज लांबीचा एक रूळ साडेचारशे पौंडांचा. गाडीच्या साटीत तो मावत नाही. मागं लोंबतो आणि चढावर गाडी उलाळ करतो. पुढं काढला तर वळणावर बैलांच्या अंगाला लागतो. सामान्य गाडीत असे दोन-तीनच रूळ न्यावे लागतात आणि त्यांची टोकं पुढच्या दांडीला आवळून बांधावी लागतात.

इंजिन सुटं करूनच न्यावं लागतं. बॉयलर आठ टनांचा आणि त्याखालचा गाडा दोन टनांचा धरला, तर वीसास एक चढाला आणि रस्त्याच्या घर्षणाला मिळून साडेआठशे किलो जोर. पासष्टच्या हिशोबानं तेरा जोड्या. लांब रांगेत जोर वाया जातो, म्हणून अठरा-वीस जोड्या जुंपाव्या लागतील. वीस जोड्यांची रांग वळणापेक्षा लांब होते. पुढचे बैल वळून उलट दिशेला तोंड करतात तेव्हा मागचा गाडा अजून वळणाच्या अलीकडे असतो. तिथं बैल सोडून कप्पी-दोर आणि माणसांचे हात लावल्याशिवाय गत्यंतर नाही.

कोंडी वाढत गेली

वरचा मार्ग पुण्याला थांबला असता तर हे सगळं निभावलं असतं. तो थांबला नाही. पुणे ते दिकसाळ १५ डिसेंबर १८५८. दिकसाळ ते बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, २३ ऑक्टोबर १८५९. मोहोळ २१ जानेवारी १८६०. सोलापूर ६ जून १८६०. बार्शी हा कापसाचा मोठा बाजार. जो कापूस आधी वेगवेगळ्या वाटांनी, वेगवेगळ्या दिवशी घाटाकडे यायचा, तो आता एका रुळावरून खंडाळ्याला येऊन पडू लागला.

शंभर टन माल घेऊन एक मालगाडी खंडाळ्याला आली असं धरा. शंभर टन म्हणजे २,७२२ मण. बारा मणांच्या हिशोबानं २२७ बैलगाड्या. बैलांसकट एका गाडीला तीस फूट जागा म्हटली, तर सव्वा मैलाहून लांब रांग. रस्ता एकूण पाच-सहा मैलांचा, त्यावर दोन्ही बाजूंची वाहतूक, आणि एका बैलजोडीकडून दिवसाला एकच फेरी. अशा दोन मालगाड्या रोज आल्या तर घाट भरला.

त्यात १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिथला कापूस लँकेशायरला मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला भाव चढले. पावसाळ्यापूर्वी जहाजात पडलेला कापूस आणि खंडाळ्याच्या धक्क्यावर पहिल्या पावसात सापडलेला कापूस यांच्या किमतीत केवढा फरक! भिजलेला कापूस आतून तापतो, पिवळा पडतो, आणि वाळवला तरी त्याची प्रत परत येत नाही. तट्ट्या आणि चटया झाकून किती झाकणार?

घाटाला आणखी पाच वर्षं का लागली

पायथ्याची उंची समुद्रसपाटीपासून १९६ फूट, माथ्याची २,०२७. चढ १,८३१ फूट. बैलगाडी खोपोली ते खंडाळा हा दीडेक हजार फुटांचा चढ पाच-सहा मैलांत चढते. आगगाडीला वीसास एक चढ झेपत नाही, म्हणून वाट जवळजवळ सोळा मैल लांब करावी लागली. तरीही सर्वांत तीव्र चढ सदतिसास एक राहिलाच. पंचवीस बोगदे, आठ मोठे दगडी पूल. खडक काळा कातळ, आणि तो फोडायला हातातली पहार, घण व बंदुकीची दारू. कडे इतके उभे की सुरुंगाची भोकं घ्यायला माणसं दोरानं खाली सोडावी लागत. डोंगरउतार उभा असल्यामुळे बोगद्यावरून विहिरी खणून मधूनही काम सुरू करता येत नसे. बहुतेक ठिकाणी दोन तोंडांवरूनच आत सरकायचं. चार महिने पावसाळा. पाणी दूर, वस्ती झावळ्यांच्या खोपटांची, आणि दर हंगामाला पटकी.

कंत्राट १८५५ मध्ये विल्यम फॅव्हिएल यांना मिळालं. मजुरीच्या तक्रारींवरून १८५९ च्या आरंभी दंगा झाला आणि त्याच मार्चमध्ये त्यांनी कंत्राट सोडलं. नंतरचे सॉलोमन ट्रेडवेल मुंबईला उतरून पंधरवड्यातच वारले. त्यांच्या पत्नी ॲलिस यांनी कंत्राट सोडलं नाही. जाणते व्यवस्थापक नेमून ते तडीस नेलं. १८६१ मध्ये घाटात ४२,००० माणसं कामावर होती. या माणसांचं धान्यही बैलांवरूनच येत होतं, हे विसरता कामा नये: घाट फोडणाऱ्यांना पोसण्यासाठी तोच रस्ता वापरावा लागत होता ज्याची कोंडी फोडायची होती. मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांनी ही वाट आखली. ती पुरी झालेली पाहायला ते उरले नाहीत, ऑगस्ट १८६२ मध्ये वारले.

शिंग्रोबा धनगरानं गोऱ्या साहेबाला घाटाची वाट दाखवली, ही कथा घाटात आजही सांगतात आणि त्याच्या देवळापाशी गाडीवाले नाणं टाकतात. कागदोपत्री तिचा पुरावा शोधण्यापेक्षा एवढं लक्षात घ्यावं की पाणी कुठं आहे आणि कडा कुठं ढळतो, हे त्या रानात गुरं चारणाऱ्यालाच माहीत असणार.

१८६३ नंतर

गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते २१ एप्रिल १८६३ ला घाटमार्गाचं उद्घाटन झालं, मे महिन्यात वाहतूक सुरू झाली. दहा हातांचं पोतं पुन्हा सहा हातांवर आलं: खोपोली आणि खंडाळ्याची मिळून चार वेळची उचल-टेकव गेली. घाटमार्ग पळसदरीवरून फुटला, त्यामुळे खोपोलीचा फाटा मुख्य वाटेपासून बाजूला पडला. पनवेलच्या गाडीवानांना याचा फटका त्याहून मोठा बसला. पनवेल–पुणे ही सरळ खेप आता फक्त रेल्वे नसलेल्या गावांसाठी उरली. १ जानेवारी १८६५ ला थळघाटही खुला झाला आणि वऱ्हाडच्या कापसानं तिकडची वाट धरली.

घाट मात्र वश झाला नव्हता. जुलै १८६७ मध्ये भर पावसात माहू की माळीचा आठ कमानींचा दगडी पूल ढासळला. आणि रेल्वेलाही घाट एका दमात चढता येत नव्हताच. मध्ये रिव्हर्सिंग स्टेशन होतं: डोंगराच्या सोंडेवर वळायला जागा नाही, म्हणून गाडी सपाट फाट्यात शिरायची, इंजिन पुढून सोडून मागच्या टोकाला जोडायचं, आणि गाडी उलट्या तोंडानं पुढचा चढ चढायची. उतरताना ब्रेक लागले नाहीत तर त्याच फाट्याच्या टोकापलीकडे दरी. ही सोड-जोड १९२९ पर्यंत चालली.

सदतिसास एक चढ आजही तोच आहे. त्यामुळे पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिनं लावतात आणि माथ्यावर लोणावळ्याला सोडतात. खोपोलीला गाडीवान पुढची जोडी जुंपायचा, तेच काम. इंजिनं लागेपर्यंत खिडकीतून वडा घेऊन खाता येतो.